टेम्प्लेट सर्वांत शेवटी: गोव्यातल्या लग्न-फोटोग्राफरने वेबसाइट कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डिचोलीत राहता, सात वर्षं लग्नाचे फोटो काढता, उरलेल्या वेळात जत्रा, शिगमो आणि पक्षी. आतापर्यंत इन्स्टाग्रामवर भागलं, पण आता चौकशी करणारे "वेबसाइट आहे का?" असं विचारू लागलेत. तुम्ही एक टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, पसंत केलंय. त्याची पार्श्वभूमी काळी आहे आणि साइट उघडताच व्हिडिओ सुरू होतो. त्यात चारशेच्या आसपास फोटो टाकायचा बेत आहे. टेम्प्लेट बरोबर आहे का, फोटो किती ठेवायचे, मजकूर मराठीत की इंग्रजीत, दर लिहायचे का आणि फोटो चोरीला जाऊ नयेत म्हणून काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं पणजीत फोटोग्राफरांच्या वेबसाइट करते. त्याआधी म्हापशाच्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटच्या रंगदुरुस्तीला बसायचे. उत्तर लांब होणार आहे, आणि टेम्प्लेटचा विषय त्यात अगदी शेवटी येईल, कारण कामातही तो शेवटीच यायला हवा.

आधी एक प्रसंग सांगते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी सावईवेर्‍याला तिच्या घरी होते. मुलगी बंगळूरला नोकरीला. तिने तीन फोटोग्राफरांच्या लिंका घरच्या ग्रुपवर टाकल्या आणि "आई, तूच बघून सांग" असं लिहिलं. बहीण स्वयंपाकघरात नारळ किसत होती. हात पुसून, मोबाइल घेऊन ती खिडकीपाशी आली, कारण त्या घरात रेंज तेवढ्याच जागी मिळते. पहिली लिंक दाबली, काळा पडदा आला, मधे चक्र फिरत राहिलं. तिने थोडी वाट बघितली आणि मागे जाऊन दुसरी उघडली. तिथे पहिल्या फोटोत शापोर्‍याच्या किल्ल्यावर धुराची नळकांडी उडवणारं एक जोडपं होतं. "फोटो बरे आहेत, पण हे आपल्यासारख्यांच्या लग्नाला येतात काय?" असं म्हणत तिने तीही बंद केली. तिसऱ्या साइटवर पहिलाच फोटो एका आजीचा होता, नातीच्या केसांत अबोलीची वेणी माळताना. बहिणीने दोन बोटांनी तो मोठा केला. आजीच्या हातातल्या जुन्या पाटल्या, वेणीचा दोरा, सगळं नीट बघितलं. मग खाली सरकत सरकत आणखी दहा-बारा फोटो पाहिले आणि मला म्हणाली, "ह्याला फोन लाव."

तुमची साइट उघडणारी व्यक्ती म्हणजे ती. मोठ्या पडद्यापुढे बसलेला दुसरा फोटोग्राफर नव्हे, पुरस्कार देणारा परीक्षकही नव्हे. लग्नाच्या कामात बहुतेकांना तुमचं नाव आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. साइटवर ते तुम्हाला शोधायला येत नाहीत, मनातली शंका फेडायला येतात. आमच्यासारख्यांची लग्नं हा करतो का? दोन-चार फोटो चांगले आलेत की सगळं काम असंच असतं? आणि ह्याला गाठायचं कसं? मिनिटभरात, मोबाइलवर, कमी रेंजमध्ये एवढ्याची उत्तरं मिळाली की काम झालं. खालचं सगळं मी त्याच हिशोबाने सांगतेय.

आता चारशे फोटोंकडे येऊ. मुखपृष्ठावर चाळीसच्या वर नकोत. तुम्हाला हे जड जाणार हे मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक फोटोमागे तुमची एक आठवण असते: त्या दिवशी पाऊस किती होता, लेन्स कशी अडकली, नवरदेवाचा काका कसा मधे मधे येत होता. बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त फोटो दिसतो, आणि दोन चांगल्या फोटोंमध्ये एक बरा फोटो आला की ते दोन्ही थोडे उतरतात.

निवड पडद्यावर करू नका. मी सगळ्यांकडून हेच करून घेते: शंभर-सव्वाशे फोटोंच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढायच्या, जमिनीवर पसरायच्या आणि घरातल्या अशा माणसाला बोलवायचं ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही. तो कुठे वाकून बघतो ते पाहायचं आणि आपण गप्प राहायचं. फोंड्याच्या एका फोटोग्राफरच्या घरी आम्ही असं केलं तेव्हा त्याचा सर्वांत आवडता फोटो तळ्यातल्या प्रतिबिंबाचा होता. त्याच्या आईने तो ओलांडून पुढे पाऊल टाकलं आणि चुडा भरताना ओठ चावणाऱ्या नवरीपाशी ती थांबली. हिरव्या बांगड्या मनगटावरून सरत नव्हत्या, कासाराने नवरीचा अंगठा आत दुमडून धरला होता आणि मागे उभी बहीण हसू दाबत होती. तो फोटो त्याने अल्बममध्येही घेतला नव्हता. आज त्याच्या साइटचा पहिला फोटो तोच आहे.

चाळीस निवडक फोटोंच्या जोडीला एक किंवा दोन लग्नं मात्र पूर्ण दाखवा, प्रत्येकी पंचवीस-तीस फोटोंत, सकाळपासून पाठवणीपर्यंत. ह्याला मी निवडक फोटोंपेक्षाही जास्त महत्त्व देते. सात वर्षांत चाळीस चांगले फोटो कुणालाही मिळतात. पण देवळाच्या सभामंडपात दुपारी साडेबाराचं ऊन एका बाजूने आत येतंय, दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट आहे, मधे होमाचा धूर आहे, आणि तरीही चेहऱ्यांचे रंग माणसांचे राहिलेत, हे एका पूर्ण लग्नातच दिसतं. हॉलमधल्या जांभळ्या दिव्यांखालचं रिसेप्शन लपवू नका. लोकांची लग्नं तशाच हॉलमध्ये होणार असतात. तिथे तुम्ही काय करता हेच त्यांना बघायचं असतं.

शिगमो आणि जत्रेचं काम स्वतंत्र विभागात ठेवा, पण ठेवा नक्की. गर्दीत, रात्री, कुणालाही 'पुन्हा करा' असं न सांगता मिळवलेले हे फोटो आहेत. शिगम्यातल्या घोडेमोडणी या नाचाचा एक नेमका क्षण पकडणारा माणूस अक्षता पडतानाचा क्षण चुकवणार नाही, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. पक्ष्यांचं मात्र वेगळं आहे. धनेशाचा फोटो कितीही सुंदर असला तरी नवरीच्या आईला त्याने काही सांगितलं जात नाही. ते काम बघणारे लोक वेगळे. त्यासाठी पुढे वेगळी साइट करा, किंवा निदान मुखपृष्ठावर त्याला जागा देऊ नका.

क्रम लावताना मोबाइल उभा धरून बसा. साध्या मोबाइलच्या पडद्याची रुंदी साइटच्या हिशोबात ३९०च्या आसपास पिक्सेल असते. तीन बाय दोनचा आडवा फोटो तिथे जेमतेम २६० पिक्सेल उंच दिसतो, म्हणजे पडद्याचा एक तुकडा. चार बाय पाचचा उभा फोटो त्याच रुंदीत ४८८ पिक्सेल उंच होतो, जवळजवळ दुप्पट. लॅपटॉपवर भव्य वाटणारा आडवा फोटो मोबाइलवर आगपेटीवरच्या चित्राएवढा होतो. म्हणून सुरुवातीच्या पाच-सहांत उभे फोटो जास्त घ्या आणि ज्या आडव्या फोटोंत माणसं लहान आहेत ते पुढे ढकला. तुम्ही आतापर्यंत आडवेच जास्त काढत असाल तर पुढच्या मोसमात त्याच प्रसंगाचा एक उभा फोटो काढायची सवय लावून घ्या.

आता वेग. बहिणीच्या खिडकीत पहिली साइट का उघडली नाही, ते मी नंतर तपासलं. मुखपृष्ठावर व्हिडिओ होता आणि खाली कॅमेऱ्यातून निघालेले फोटो आहेत त्या आकारात चढवले होते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. मोबाइलचा पडदा तिप्पट घनतेचा, म्हणजे साइटच्या एका पिक्सेलच्या रुंदीत खरे तीन पिक्सेल असलेला, धरला तरी त्याला आडवे सुमारे १,१७० पिक्सेलच लागतात. म्हणजे गरजेच्या पंचवीसपटींहून जास्त पिक्सेल पाठवले जातात आणि पडदा ते सगळे टाकून देतो. रेंज कमी असलेल्या घरात हा सगळा भार वाट बघणाऱ्याच्या डोक्यावर पडतो.

करायचं असं: प्रत्येक फोटो तीन आकारांत ठेवा, लांब बाजू साधारण ८००, १४०० आणि २००० पिक्सेल. पडदा कुठला आहे ते बघून योग्य आकार ब्राउझरने उचलावा यासाठी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडच्या भाषेत, 'एसआरसीसेट' नावाची सोय आहे. वर्डप्रेससारख्या साइट चालवायच्या प्रणाली हे आकार स्वतःच तयार करतात. मुखपृष्ठावरचा पहिला फोटो मोबाइलसाठी २०० केबीच्या आत बसवा. खालचे फोटो तिथवर पोचल्यावरच उतरावेत असं ठेवा. त्याला 'लेझी लोडिंग' म्हणतात. पण पहिल्या फोटोला ते चुकूनही लावू नका. ही चूक मी तयार टेम्प्लेटांत वरचेवर बघते: सरसकट सगळ्या फोटोंना लेझी लावलेलं असतं, त्यामुळे जो फोटो सगळ्यात आधी दिसायला हवा तोच उशिरा येतो. गूगलच्या मोजमापात पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसला तर पान चांगलं धरतात. शिवाय प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहिलेली हवी. नाहीतर फोटो उतरला की खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

तपासणी घरच्या वाय-फायवर करू नका. माझी पद्धत साधी आहे. पणजीहून वाळपईला जाणाऱ्या कदंब बसमध्ये बसते आणि वाटेत तीन-चार ठिकाणी साइट उघडून बघते.

रंगाबद्दल मी जरा जास्त बोलेन, लॅबमधली सवय आहे. निर्यात करताना रंगाची पद्धत 'एसआरजीबी' ठेवा आणि तिचं प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे याची नोंद, फाइलमध्येच राहू द्या. तुम्ही 'ॲडोबी आरजीबी' या दुसऱ्या रंगपद्धतीत काम करत असाल आणि फोटो तसाच चढवलात, तर फोटो लहान करणारी काही साधनं ते प्रोफाइल काढून टाकतात. मग ब्राउझर त्याच आकड्यांचा अर्थ एसआरजीबी म्हणून लावतो आणि रंग उतरतात. श्रावणातल्या शेताचा हिरवा भिजट होतो, जांभ्याचा लाल विटकरी होतो, आणि कुंकू तर अगदी फिकं पडतं. लॅबमध्ये हा घोळ प्रिंटवर लगेच दिसायचा. वेबवर तो लक्षात येत नाही, कारण तुमच्या लॅपटॉपवर मूळ फाइल नीटच दिसत असते.

दुसरी गोष्ट लाल शालूची. वेबपी हा फोटो-फाइलचा हलका प्रकार वापरायला हरकत नाही, मीही वापरते. पण नेहमीच्या दाबलेल्या वेबपीत उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात आणि रंगाचा उभा-आडवा दोन्हीकडे निम्माच ठेवतात. चेहऱ्यावर किंवा आकाशात हे कळत नाही. गडद लाल शालूला सोनेरी जरीचा काठ असेल तिथे मात्र कडा पसरतात, पाण्यात शाई पसरावी तशा. असे चार-दोन फोटो वेगळे काढा आणि जेपेगमध्ये रंगाचा तपशील न कापता, वरच्या दर्जावर ठेवा. एव्हीआयएफ प्रकारातही पूर्ण रंग-तपशील ठेवायची सोय आहे. चाळीसांतल्या चार फोटोंसाठी एवढी मेहनत कशाला, असं वाटेल. नवरीची आई नेमका तो काठ मोठा करून बघते.

काळ्या पार्श्वभूमीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लग्नाच्या साइटला नको. काळ्यावर कुठलाही फोटो उठून दिसतो, म्हणूनच फोटोग्राफरांना ती आवडते. पण त्यामुळे कमी प्रकाशातला, थोडा मळकट फोटोही बरा वाटायला लागतो आणि निवड फसते. शिवाय घराबाहेर उन्हात मोबाइल धरला की काळा पडदा आरसा होतो. तरीही शुभ्र पांढरी घेऊ नका. गोव्यात एक खास अडचण आहे: चुन्याने रंगवलेली इगर्जीची, म्हणजे चर्चची, भिंत आणि तिच्यासमोर पांढऱ्या गाऊनमधली नवरी. असा फोटो शुभ्र पानावर ठेवला की त्याची कडाच नाहीशी होते. फोटो कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं ते कळत नाही. पान किंचित करडं, जुन्या कागदाच्या जवळचं ठेवा. फोटोतला पांढरा तेव्हा खरा पांढरा दिसतो.

भाषा. दोन्ही ठेवा, पण एकाच ओळीत मिसळू नका. तुमचा ग्राहक डिचोली, साखळी, सत्तरी, फोंड्याचा असेल तर मुखपृष्ठावरचं पहिलं वाक्य मराठीतच असू द्या. मुंबई-पुण्याहून गोव्यात लग्न करायला येणाऱ्यांसाठी आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी इंग्रजी पान वेगळं करा. कोंकणीत चार ओळी लिहिता आल्या तर त्याही लिहा, घरचं माणूस वाटतं. देवनागरीसाठी 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा 'नोटो'सारखा व्यवस्थित फॉन्ट घ्या आणि टेम्प्लेटमधली अक्षरांमधल्या अंतराची सेटिंग शून्य करा. इंग्रजी टेम्प्लेटांत मथळ्यांची अक्षरं विरळ ठेवायची फॅशन आहे. तेच देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा थोडं जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात.

फोटोखालचा मजकूर कुणी मनापासून लिहीत नाही, आणि तिथेच तुम्हाला वाव आहे. 'क्षण आनंदाचे' असलं काही लिहू नका. 'चवथीची माटोळी, घरच्या मुलाने रानातून आणलेल्या फळांनी बांधलेली, सत्तरी' असं लिहा. (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट.) फोटोला जोडलेला पर्यायी मजकूर, ज्याला 'ऑल्ट टेक्स्ट' म्हणतात, तोही असाच साधा आणि खरा लिहा. ज्याला दिसत नाही अशा माणसाला पडदा वाचून दाखवणारं साधन तोच वाचतं आणि गूगललाही फोटोत काय आहे ते समजायला त्याची मदत होते. गावांची नावं लोक दोन-तीन तऱ्हांनी शोधतात. कुणी पणजी टाकतं, कुणी पणजिम. मराठी पानावर आपलं नाव आणि इंग्रजी पानावर बाहेरचे वापरतात ते नाव सहज येऊ द्या. त्यापलीकडे शोधयंत्रासाठी शब्दांची खोगीरभरती करू नका.

चोरीबद्दल. उजवं क्लिक बंद करण्याचा काही उपयोग नाही. स्क्रीनशॉट कुणीही काढतो, त्रास फक्त प्रामाणिक माणसाला होतो. फोटोभर पसरलेला वॉटरमार्क तर स्वतःचं काम स्वतःच बिघडवतो. २००० पिक्सेलच्या वरची फाइल साइटवर ठेवू नका, म्हणजे मोठी छपाई नीट होणार नाही. लाइटरूम या ॲडोबीच्या फोटो-संपादनाच्या ॲपमधून बाहेर काढताना 'आयपीटीसी' माहितीत, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच राहणाऱ्या नोंदीत, आपलं नाव आणि हक्काची ओळ भरा, आणि साइटच्या साधनाने ती पुसली नाही ना ते एक फोटो परत उतरवून तपासा. पण त्याच फाइलमध्ये जीपीएसचं ठिकाणही जात असेल तर ते काढा. लग्नाच्या फोटोत ते कुणाच्या तरी घराचा पत्ता असतं. पक्ष्यांच्या बाबतीत तर ते आणखी नाजूक आहे. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. ढोलीखाली कॅमेऱ्यांची गर्दी झाली की नर जवळ यायला बिचकतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात.

ह्याच विषयातली एक गोष्ट फार थोड्या फोटोग्राफरांना माहीत असते. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काम सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तोंडी ठरवून केलेल्या लग्नाचे फोटो, हक्काच्या दृष्टीने, तुमचे नाहीत. आगाऊ रक्कम घेताना एक पानाचा मराठी करार करा. फोटोंचा हक्क कोणाकडे, साइटवर आणि इन्स्टाग्रामवर किती आणि कुठले फोटो टाकता येतील, कुटुंबाने सांगितलं तर किती दिवसांत काढायचे, हे सगळं त्यात लिहा. लहान मुलांचे फोटो वेगळं विचारल्याशिवाय नकोच.

हे मी अनुभवातून सांगतेय. काही वर्षांपूर्वी एका साइटवर आम्ही एका नवरीचा फोटो अगदी वर ठेवला होता. छान फोटो होता, सगळ्यांना आवडला होता. दोन वर्षांनी एका संध्याकाळी त्या मुलीचा मला फोन आला. लग्न मोडलं होतं आणि नवीन नोकरीच्या ठिकाणी कुणीतरी तिचं नाव शोधल्यावर तो फोटो पुढे आला होता. ती रागावली नव्हती, हळू आवाजात फक्त "काढाल का?" एवढं म्हणाली. दहा मिनिटांत काढला, पण शोधाच्या निकालात तो आणखी काही दिवस दिसत राहिला. त्यानंतर मी फोटोंच्या फाइलांना आणि मथळ्यांना नवरा-नवरीची पूर्ण नावं देणं बंद केलं. गाव आणि महिना पुरतो.

दर लिहायचे. सगळे नकोत, पण 'एका दिवसाच्या लग्नाचं काम अमुक रुपयांपासून' एवढा एक आकडा असू द्या आणि त्यात काय येतं ते दोन ओळींत सांगा. आकडा नसला की मध्यमवर्गीय घर "हा महाग असेल" म्हणून फोनच करत नाही.

संपर्कासाठी मोठा फॉर्म कुणी भरत नाही. व्हॉट्सॲपचं बटण ठेवा आणि त्यात संदेश आधीच लिहून ठेवा: 'नमस्कार, लग्नाची तारीख ... , ठिकाण ... ' एवढाच. बटण दाबणाऱ्याने रिकाम्या जागा भरायच्या. पहिल्या संदेशातच तारीख आली की तुमचे तीन संदेश टळतात. स्वतःबद्दलच्या पानावर दोन परिच्छेद आणि काम करतानाचा तुमचा एक फोटो पुरे. हा माणूस दिवसभर आपल्या घरात वावरणार आहे, त्याचा चेहरा बघायचा असतो.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या पैशाने घ्या. माझ्याकडे आलेल्या एका फोटोग्राफरचं डोमेन त्याच्या आधीच्या डिझायनरने आपल्या खात्यावर घेतलं होतं. तो माणूस परदेशी गेला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली आणि ऐन डिसेंबरात साइट बंद पडली. कार्डांवर, अल्बमांच्या पाठीवर, सगळीकडे तोच पत्ता छापलेला. पत्ता परत मिळवण्यात तो मोसम गेला.

आणि आता टेम्प्लेट. लाइटरूमसाठी ॲडोबीचं फोटोग्राफी सदस्यत्व भरत असाल तर त्यात ॲडोबी पोर्टफोलिओ हे साइट करायचं साधन जोडूनच मिळतं. पहिली साइट त्यावरच करा. साधी आहे आणि फोटोंच्या मधे येत नाही. मराठी-इंग्रजी पानं नीट वेगळी ठेवायची, पुढे लिखाणही करायचं, असं मनात असेल तर वर्डप्रेस घ्या, पण त्याचे अपडेट आणि बॅकअप सांभाळायला माणूस लागतो. ग्राहकांना पूर्ण अल्बम पासवर्डने द्यायचे असतील तर पिक्सीसेटसारखी सेवा साइटपासून वेगळी ठेवा. तुम्ही पसंत केलेलं व्हिडिओचं टेम्प्लेट घेऊ नका. उघडताच फोटो दिसणारं, एका उभ्या ओळीत खाली सरकणारं, मेन्यूत चारच नावं असलेलं कुठलंही टेम्प्लेट चालेल.

वेळही आत्ताच आहे. चातुर्मासात आपल्याकडची लग्नं थांबतात, पावसात कॅमेरा कोरडा ठेवण्यापलीकडे फारसं काम नसतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, नाताळानंतर इगर्जीतली लग्नं लागतात. पण घरची माणसं फोटोग्राफर ठरवतात ती त्याच्या कितीतरी आधी, हॉल मिळाला की लगेच. तेव्हा चवथीच्या आधी प्रिंट जमिनीवर पसरा आणि दसऱ्यापर्यंत साइट उभी करा.

साइट चालू झाली की कुणाला सांगण्याआधी लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. लिंकखाली जो छोटा फोटो येतो तो ठरवता येतो, साधारण १२०० बाय ६३० पिक्सेलचा आडवा. नाही ठरवला तर साइटवरून कुठलाही उचलला जातो, कधी कधी नुसता लोगोच. तुमची साइट घरोघरच्या ग्रुपवर आधी त्या छोट्या चौकटीत दिसणार आहे. तिथे नवरीचं डोकं किंवा आजीचे हात कापले जात असतील तर दुसरा फोटो निवडा आणि पुन्हा पाठवून बघा.